हरणाऱ्यानं बाई व्हायचं

आमच्या घरात कायमची माणसं तीन, आणि चौथे वडील. ते एस.टी.त ड्रायव्हर होते, डेपो कळवणचा, त्यामुळे आठवड्यातून दीड-दोन दिवसच घरी. येताना त्यांच्या पिशवीत काहीतरी असायचंच. कांदे, भुईमुगाच्या शेंगा, नाहीतर गावाकडे आजीनं खाटेवर धोतर पसरून वाळवलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड. ते आले की आई बिबडे गॅसवर भाजायची, वरून कच्चं तेल, तिखट आणि बारीक चिरलेला कांदा घालायची, आणि आम्ही चौघं खाली मांडी घालून बसायचो. खाताना असा कुडुमकुडुम आवाज व्हायचा की कुणी काही बोललं तरी ऐकू येत नसे. वडिलांना ते बरं वाटायचं, कारण प्रवाशांचं ऐकून ऐकून त्यांचे कान विटलेले असत. बाकीचे पाच दिवस घरात मी आणि दोन बायका, म्हणजे आई आणि माझी थोरली बहीण सुजाता. तिला मी ताई म्हणायचो, अजून म्हणतो.

घर सातपूरला, कारखान्यांच्या पाठच्या अंगाला. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे सायकल लावण्यापुरती जागा. सकाळी पावणेसातला पहिला भोंगा व्हायचा आणि गल्ली रिकामी व्हायची. आई मोटारीच्या कारखान्यात वाइंडिंगला होती. तिथं बायका दिवसभर तांब्याची तार मशीनवर गुंडाळत. केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर रुमाल, साडीवरून कंपनीचा निळा कोट, म्हणजे पदर मशीनमध्ये जायला नको. तार तुटायच्या आधी आईला ते मशीनच्या आवाजावरून कळतं, असं तिच्या सोबतच्या बायका कौतुकानं सांगायच्या. साडेतीनच्या भोंग्यानंतर ती घरी यायची आणि कोट न काढताच पाणी भरायला लागायची. जड काही उचलताना तोंड मिटून ती पोटातून एक आवाज काढायची, ‘हंप्’, असा. हंडा असो, सिलिंडर असो, पिठाचा डबा असो. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाला कळायचं की मिलिंदच्या आईनं काहीतरी उचललं. मिलिंद म्हणजे मी. मी तेव्हा बहुतेक कॉटवर असायचो.

आईला बोलायची भीड नव्हती. विहारातल्या महिला मंडळात ती उभी राहून बोलायची, कागद न घेता. स्त्रीमुक्ती हा शब्द मी पहिल्यांदा तिथल्या फळ्यावर वाचला. पुढे कॉलेजात तो शिवीसारखा वापरलेला ऐकला आणि, खरं सांगतो, मीही तसाच वापरायला लागलो. ताई आईच्या वळणावर गेली होती, फक्त ती कमी बोलायची. कॉम्प्युटरचा कोर्स पहिल्या वर्गात पास होऊन ती एका क्लासमध्ये शिकवत होती. मी पॉलिटेक्निकला होतो आणि गणित दोन वेळा राहिलं होतं. घरात दोघी कर्तबगार आणि मी एकटा बिनकामाचा. मला कुणी टोचून बोलत नसे, आणि तेच जास्त लागायचं.

मला लागलेली एकच विद्या म्हणजे गोळीबाराचा गेम. इंदिरानगरला रवीदादाचा सायबर कॅफे होता. रवीदादा कळवणकडचाच, वडिलांच्या ओळखीतला. पुढच्या भागात प्लायवूडच्या केबिन होत्या, तिथं मुली निकाल बघायला, ई-मेल करायला यायच्या. मागच्या खोलीत आठ मशीन एकमेकांना जोडलेली आणि तिथं आम्ही. दर रविवारी दुपारी दोन ते सहा ती खोली आमची असायची, अकरा जणांची. आठ खेळायचे, तिघं मागे उभे राहून अक्कल शिकवायचे. एक नंबरच्या मशीनला दोन मोठे स्पीकर होते आणि तिथं जिंकणारा बसायचा. वर्षभर तिथं मी बसत होतो. खोलीत घामाचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास असे, मधूनच कुणीतरी पॅटिस आणे, आणि एक नंबरच्या खुर्चीत बसून मी जगातलं सगळं गणित विसरून जात असे. खोटं कशाला बोलू, इतका मान मला दुसरीकडे कुठंच नव्हता.

त्या खोलीत आमचा एक कायदा होता. हरणाऱ्यानं बाई व्हायचं. गेममध्ये आपण कोण दिसायचं ते निवडता येत असे. नऊ-दहा पुरुष होते, जाकिटवाले, हेल्मेटवाले, आणि एक बाई. तिच्या अंगावर बूट सोडले तर कपडा असा जेमतेमच. तिला गोळी लागली की ती कण्हायची, उडी मारली तरी कण्हायची, आणि ते कण्हणं लढाईतलं नव्हतं, ते दुसऱ्याच कशातलं होतं. शेवटचा नंबर आलेल्यानं पुढचा अख्खा डाव ती बाई घेऊन खेळायचा. मग सगळे दुसरं सोडून तिच्यामागे लागायचे, स्पीकरवर ते आवाज यायचे आणि खोली हसून लोळायची. आपणहून तिला कुणी घेत नसे. एक नंबरवर पोचायच्या आधी मी दोनदा बाई झालो होतो आणि दोन्ही वेळा घरी जाऊन जेवलो नव्हतो. आज लिहिताना मान खाली जाते, पण त्या वेळी ती आमची साधी गंमत होती, आणि तिच्यात काही वावगं आहे असं अकरा जणांतल्या एकालाही वाटलं नाही.

एकदा रवीदादाच्या सगळ्या मशीनमध्ये व्हायरस शिरला. आठवडाभर दुकान बंद राहायची पाळी आली तेव्हा त्यानं ताईला बोलावलं. तिनं दोन दिवसांत मशीन उभी केली. रवीदादा इतका खूश झाला की तिला कायमचीच ठेवली. सकाळी क्लासला जायच्या आधी दोन तास मशीन बघायची आणि राहिलेला वेळ तिचा. तिला तेच हवं होतं. आमच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, क्लासमध्ये शिकवून झालं की मशीन बंद. पुण्यात शाळेतल्या मुलांसाठी खेळ करणारी एक कंपनी होती. त्यांनी ताईला नोकरीसाठी आधी स्वतः केलेला एखादा नमुना दाखवायला सांगितलं होतं. तो नमुना ती रवीदादाच्या मशीनवर सकाळी सकाळी घडवत होती. कॅफे सुटला तर नमुना सुटला, आणि नमुना सुटला तर पुणं.

तर एका रविवारी ती काहीतरी केबल बदलायला मागच्या खोलीत आली. डाव रंगात होता आणि माझा दोस्त तुषार त्या दिवशी बाई होता. ताई दहा मिनिटं खाली वाकून काम करत होती आणि वर आमचा धुडगूस चालला होता. जाताना तिनं एवढंच विचारलं की हिला कुणी आपणहून घेतं का. ताईनं ते आवाज ऐकले याची मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तिचाच राग आला. पुरुषाच्या रागाचा हा उलटा हिशेब मी पुढे फार ठिकाणी पाहिला.

त्या आठवड्यात घरी दोन चमत्कारिक गोष्टी चालल्या होत्या. ताई आईच्या ब्लाउज बेतायच्या पद्धतीवर प्रश्न विचारत होती. आई वर्तमानपत्रावर पुढचा भाग, पाठ, बाही असं सपाट कापून घ्यायची, आणि तसंच गेममधल्या माणसाचं अंगही सपाट उलगडलेलं चित्र असतं, हे मला मागाहून कळलं. त्या चित्रावर रंगवावं तसे कपडे दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे एका संध्याकाळी ताईनं टेपरेकॉर्डर मोरीच्या दाराशी ठेवला, वडिलांची एक जुनी कॅसेट घातली आणि आईला सिलिंडर उचलायला लावला. मग हंडा. मग कॉटवरून खाली उडी. आईनं विचारलं, क्लासचं काय हाय का? ताई म्हणाली, तसंच समज. आईला मौज वाटली. पन्नाशीला टेकलेली बाई तीन वेळा कॉटवरून उडी मारून हसत सुटली. मी कॉटच्या दुसऱ्या टोकाला बसून वैतागत होतो.

पुढच्या रविवारी हरला पुन्हा तुषारच. त्यानं बाई निवडली आणि सगळ्यांच्या माना त्याच्या पडद्याकडे वळल्या. पडद्यावर निळ्या कोटातली बाई उभी होती. पूर्ण बाह्या, घट्ट अंबाडा, कपाळावर ओढलेला रुमाल. अंगाची ठेवण ताईला बदलता आली नव्हती, पण रंगातलं सगळं चकचकीतपण तिनं पुसून टाकलं होतं. हातात बंदूक आणि चेहऱ्यावर कामाला उभं राहिलेल्या माणसाचा कंटाळा. कुणीतरी म्हणालं, ही तर सातपूरची दिसते. सगळे हसले, मीही हसलो. डाव सुरू झाला. तुषार एका भिंतीआडून बाहेर आला, मी नेम धरला आणि गोळी घातली. स्पीकरमधून आवाज आला, ‘हंप्’.

तुषार पळाला, पायऱ्यांवरून उडी मारली, पुन्हा तोच आवाज. आमच्या मोरीच्या दारातला आवाज त्या खोलीत स्पीकरवर घुमत होता आणि बाकी दहा जणांना त्याचं काही नव्हतं. मला तुषार समोर दिसत होता, गोळी घालता येत नव्हती. त्यानं मला मारलं. पुन्हा मारलं. वर्षभरात पहिल्यांदा माझा शेवटचा नंबर आला. कायद्यानं आता बाई व्हायची पाळी माझी होती. मी मशीनच बंद केलं आणि सायकल काढून निघालो.

त्यानंतर जे केलं ते लिहायला हवं. मी ताईला घरी एक शब्द बोललो नाही. पोरांना गोळा करून मी अर्ज लिहिला. आमच्याकडे पाणी न आल्याचाही अर्ज आणि विहाराच्या दिव्याचाही अर्ज, त्यामुळे हात सराईत होता. विषय, गेममध्ये केलेल्या अनधिकृत बदलाबाबत. मुद्दे तीन. नवीन बाईचा कोट गडद असल्यानं ती सावलीत दिसत नाही. तिचं अंग पुरुषांपेक्षा बारीक असल्यानं गोळ्या बाजूनं निघून जातात आणि तिला अन्याय्य फायदा मिळतो. गेमचं मूळ रूप बिघडवू नये. खाली अकरा सह्या, पहिली माझी. बारीक अंगाचा मुद्दा माझा होता आणि त्यावर सगळ्यांचा मनापासून विश्वास होता, कारण प्रत्येकाला एखादी चुकलेली गोळी आठवत होती. वर्षभर तीच बाई, त्याच अंगाची, आमच्यातल्या हरणाऱ्याला घ्यावी लागत होती. तेव्हा तिला फायदा मिळतो असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही का चिडलो होतो? मी यावर खूप विचार केला आहे. त्या खोलीत आम्ही सगळे कुठंना कुठं हरलेले होतो. कुणाचं गणित राहिलं होतं, कुणाच्या भावाला नोकरी लागली होती आणि त्याला नव्हती. बाहेर आम्हाला कुणी विचारत नव्हतं, आणि आत आपल्या खाली निदान एक जण आहे याची खात्री होती. ती बाई आमच्या सगळ्यांच्या खालची पायरी होती. ताईनं ती पायरी काढून तिथं एक माणूस उभं केलं. असं केल्यावर शेवटचा उभा असतो तो ओरडणारच. हे समजलं म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. माझी मुलगी आज फोनवर असाच गेम खेळते, मुलाचं नाव घेऊन आणि माइक बंद ठेवून. मी कारण विचारलं तर म्हणाली, बाबा, खेळू द्यायचं असेल तर असंच असतं. वीस वर्षांत तंत्र कुठल्या कुठं गेलं आणि अर्ज लिहिणारे अजून आहेत.

रवीदादा कोंडीत सापडला. पोरं दुसऱ्या कॅफेला जायची धमकी देत होती. त्यानं ताईला सांगितलं, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर मिटवून टाक, नाहीतर जुनी बाई परत घाल, आणि तुला तेही जमणार नसेल तर मग मी तरी काय करू. तो वाईट माणूस नव्हता, फक्त दुकानदार होता. ताईनं अर्ज हातात घेतला आणि माझं अक्षर ओळखलं. त्या रात्री तिनं मला नेहमीसारखंच वाढलं. मी मान वर केली नाही.

रविवारी ती दोन वाजता मागच्या खोलीत आली. मला एक नंबरवर बसवलं, तुषारला शेजारच्या मशीनवर. तुषारनं निळ्या कोटातली बाई घेऊन भिंतीसमोर नुसतं उभं राहायचं. मग ती मला म्हणाली, “अंगाला मारू नकोस. कानाच्या बाजूला दोन बोटं सोड आणि रिकाम्या हवेत मार.” मी मारली. रक्त उडालं. “खांद्याच्या बाहेर मार.” पुन्हा रक्त. खोलीत कुजबुज झाली. मग तिनं तुषारला सगळ्यात दांडगा गडी घ्यायला सांगितला, तो ज्याची कोपरं बंदूक धरताना दोन्ही बाजूंना बाहेर येतात. “त्याच्या कोपरावर मार.” मी नीट नेम धरून मारली. गोळी कोपरातून आरपार जाऊन भिंतीला लागली. त्याला काही झालं नाही. तीन वेळा मारली, तीनदा तेच.

ताई म्हणाली, “मशीनला अंग दिसत नाही. त्याला एक उभं खोकं दिसतं, सगळ्यांचं एकाच मापाचं. बाईचं अंग खोक्यापेक्षा लहान आहे, म्हणून तिला हवेतही गोळी लागते. याचं कोपर खोक्याच्या बाहेर आहे, म्हणून त्याला लागत नाही. फायदा कुणाला असलाच तर दांडगटाला आहे.”

हे ती कुठून शिकली? गेम घडवणाऱ्या परदेशी पोरांनी इंग्रजीत लिहिलेली पानं तिनं छापून घेतली होती आणि शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचली होती. आमच्याकडे वर्षभराचा सराव होता आणि आम्ही कशावर गोळ्या घालतोय ते आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तरी मी तोंड वाकडं करूनच बसलो होतो. तुषार मात्र सहजी ऐकणारा नव्हता. तो म्हणाला, “खोकंच आहे ना ताई, मग आधीची होती तशी राहू दे की. तुम्हाला काय प्रॉब्लेम?”

“खोकंच आहे, तर मग निळा कोट का टोचतो?” ताई म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली. “मिलिंद, पहिली सही तुझी आहे. कोट सावलीत दिसत नाही, की अंग बारीक आहे, की आणखी काही? तू सांग.”

सगळे माझ्याकडे बघत होते. पुढच्या केबिनमधल्या दोन मुलीही दारात येऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, “तो आवाज आईचा आहे. मला मारता येत नाही.”

तुषार हसायला लागला आणि मध्येच थांबला. तो आमच्या घरी जेवलेला मुलगा होता, आईच्या हातची भाकरी खाल्लेला. आपण कुणाचा आवाज ऐकत होतो ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. ताई माझ्यावर रागावली नाही. ती म्हणाली, “आधीचा आवाजही कुणाच्या तरी घशातूनच आला होता. कुठल्या तरी लांबच्या खोलीत एका बाईला उभं करून तो काढून घेतला असेल. तिचा भाऊ इथं नव्हता, तिचा मुलगा इथं नव्हता, एवढंच.”

आयुष्यात मी बरीच भाषणं ऐकली, विहारात, कारखान्याच्या दारात, टीव्हीवर. यापेक्षा खरं वाक्य मी ऐकलेलं नाही. शेवटी रवीदादा म्हणाला, “हे बघा, मला यातलं लय कळत नाय. येत्या रविवारी पोरं आली तर ऱ्हाईल, नाय आली तर जुनं टाकावं लागंल.” तिघं तेव्हाच निघून गेले आणि परत कधी दिसले नाहीत.

आता मी सगळ्यांसमोर बोललो म्हटल्यावर आईला सांगणं भाग होतं. संध्याकाळी ताईनं सांगितलं. आई कणीक मळत होती. सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि ताईकडे न बघता म्हणाली, “मला न इचारता माझा आवाज नेला. मंग त्या लोकांत आन तुझ्यात काय फरक ऱ्हायला?”

इतकं सगळं वाचलेली, अकरा जणांना गप्प करणारी माझी बहीण गॅसजवळ उभी राहून रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. ती म्हणाली, चुकलं, आई, मी उद्याच काढून टाकते. मला वाटत होतं की मला सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. मीच म्हणालो की आई, काढायच्या आधी एकदा बघ तरी. हे माझ्या तोंडून कसं निघालं मला ठाऊक नाही. आईनं दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. “रविवारी येते,” ती म्हणाली. “बघते, मंग ठरवते.” त्या रात्री पोळ्या करपल्या आणि आम्ही तिघांनी त्या तशाच खाल्ल्या.

रविवारी अकरा जणांतले सहा जण आले, मी धरून. तुषार आला होता. आईनं लग्नाकार्याची साडी नेसली होती आणि चष्मा लावला होता. ती मागच्या खोलीत आली तशी पोरं शाळेत उभी राहावी तशी उठली. ताईनं तिला एक नंबरच्या खुर्चीत बसवलं आणि पडद्यावरची बाई दाखवली. आई पडद्याजवळ वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की कोटाचा खिसा या बाजूला नसतो, डाव्या बाजूला असतो, आणि रुमालाची गाठ मागं पाहिजे. ताई वहीत लिहून घ्यायला लागली. रवीदादा दारात हाताची घडी घालून उभा होता. त्याचं सगळं लक्ष पोरांच्या तोंडाकडे होतं.

निळा कोट पुढे दोन वर्षं त्या आठ मशीनवर राहिला, डाव्या बाजूच्या खिशासह. ताईचा नमुना पुरा झाला, ती पुण्याला गेली आणि आज तिच्या हाताखाली मुलं-मुली खेळ घडवतात. केबिनमधल्या त्या दोघी हळूहळू मागच्या खोलीत बसायला लागल्या आणि त्यातली एक मला नेमानं हरवायची. आमचा तो कायदा कुणी रद्द केला नाही, पण बाई व्हायला कुणाची ना राहिली नाही आणि मग त्याला अर्थच उरला नाही. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी काहीच ठरलेलं नव्हतं.

ताईनं आईचा एक हात माऊसवर आणि दुसरा कीबोर्डवर ठेवला, चालायचं कसं आणि गोळी कशी घालायची ते दाखवलं. आम्ही सहा जण आपापल्या मशीनवर बसलो. डाव सुरू झाला. आई भिंतीला धडकली, छताकडे बघत गोल फिरली, तिच्या बंदुकीतून दोन गोळ्या आभाळात गेल्या. आणि आम्ही सहाही जणांनी आपापला गडी जागच्या जागी उभा ठेवला. कुणी तिच्यासमोर गेलं नाही, कुणी नेम धरला नाही. मला वाटलं, किती छान, पोरांनी मान राखला. आई त्या ओसाड मैदानात एकटी चालत होती. थोड्या वेळानं ती थांबली.

“उभे का सगळे?” ती म्हणाली. “मी काय सत्काराला आले हाय का? खेळायचं आसंल तर खेळा, नायतर मी घरी जाते, मला कामं पडलीत.”

तुषारनं माझ्याकडे पाहिलं. ताई आईच्या खुर्चीमागे उभी होती. मी माझा माणूस भिंतीआडून बाहेर काढला, आईच्या समोर उभा केला, आणि तिला मला बघू दिलं. तिनं लगेच गोळी घातली. चुकली. दुसरी घातली, ती लागली. मग मी नेम धरला. मी गोळी घातली, पुन्हा घातली.

खोलीत आईचा आवाज घुमला आणि खुर्चीतल्या आईनं तो मान तिरकी करून ऐकला, कारखान्यात मशीन ऐकायची तसा. पडद्यावर निळा कोट आडवा झाला. कुणी हसलं नाही. आईनं चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे वळली.

“हां,” ती म्हणाली. “आता परत उठायचं कसं, ते दाव.”